सोळा एप्रिलचा खडक

अल्बुकर्कीहून आय-४० नं पश्चिमेला निघालं की तासा-सव्वा तासात ग्रँट्स नावाचं गाव लागतं. तिथे हायवे सोडायचा आणि रूट ५३ धरायचा. मग दोन्ही बाजूंना काळा लाव्हा, पाईनची झाडं आणि अधूनमधून एखादी पिकअप. असं बेचाळीस मैल गेल्यावर समोर पिवळट रंगाचा एक प्रचंड सुळका येतो. नाव एल मोरो. आमच्या सौ.नं खिडकीतून पाहिलं आणि म्हणाली, "अगदी आपल्या गडाचा बुरूज!" तिला सगळीकडे गडच दिसतात, तो भाग निराळा.

सोबत नात होती. शाळेत स्पॅनिशचं तिसरं वर्ष चालू आहे, त्यामुळे या ट्रिपमध्ये दुभाषी तीच. डब्यातल्या दशम्या आणि चटणी संपवून आम्ही खडकाच्या पायथ्याशी गेलो.

या रखरखाटात खडकाच्या कुशीत पावसाच्या नि वितळलेल्या बर्फाच्या पाण्याचं एक डबकं आहे. पाणी म्हटल्यावर वाटसरू थांबणारच, आणि थांबले की माणसांना नाव कोरायची हुक्की येते. (आपल्याकडचे किल्ले आठवा!) माथ्यावर आत्सिना या जुन्या प्वेब्लो गावाचे अवशेष आहेत. त्या लोकांनी खडकावर मेंढ्या, पंजे, नागमोडी रेघा कोरल्या, पण तारखा घातल्या नाहीत. तारखा आल्या त्या स्पॅनिश लोकांबरोबर.

त्यातली सर्वांत प्रसिद्ध ओळ दोन हुआन दे ओन्यातेची. नात बोट न लावता (हात लावायला सक्त मनाई आहे) वाचू लागली, "पासो पोर आकी... म्हणजे इथून गेला. आणि शेवटी, आ १६ दे आब्रिल दे १६०५." दक्षिण समुद्राचा शोध लावून परतताना ओन्याते इथे थांबला होता, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या आखातापर्यंत जाऊन आला होता. माणूस काही साधा नव्हे. १५९९ साली आकोमा गावात त्याच्या सैन्यानं शेकडो लोक मारले होते. आकोमाला जाणारा रस्ता आम्हाला येताना वाटेतच लागला होता. तेव्हा सुंदर अक्षर बघून फार भारावून जाऊ नये.

मी मात्र त्या तारखेपाशी अडकलो. १६ दे आब्रिल. आधी दिवस, मग महिना, मग साल. अगदी आपल्यासारखं!

मग पाऊण तास आम्ही आजोबा-नात हाच खेळ खेळलो. ती म्हणाली, "आबा, 'आ' म्हणजे टू." मी म्हटलं, "म्हणजे आपलं 'ला'. सोळा एप्रिलला." तारीख कशी विचारतात? "आ क्वांतोस एस्तामोस?" म्हणजे शब्दशः, आपण कितीला आहोत? आपण तरी काय विचारतो? आज किती तारीख! महिन्याचा पहिला दिवस तेवढा 'प्रिमेरो', पहिला. पुढे सरळ दोन, तीन, चार. आपल्याकडेही पगाराची ती 'पहिली तारीख' आणि बाकीच्या पाच तारीख, दहा तारीख. आठवड्याला ते 'आठ दिवस' म्हणतात आणि दोन आठवड्यांना 'पंधरा दिवस'. अमेरिकन माणसाला हा हिशेब चुकल्यासारखा वाटेल, पण आपण लहानपणापासून 'आठ दिवसांनी ये' आणि 'पंधरा दिवस झाले' हेच बोलत आलो.

वारांची तर गंमतच. लुनेस हा चंद्राचा, मार्तेस मंगळाचा, मिएर्कोलेस बुधाचा, हुएवेस गुरूचा, बिएर्नेस शुक्राचा. तेच ग्रह, तोच क्रम! इंग्रजीत मंगळ ते शुक्र या चार वारांवर उत्तरेकडच्या जुन्या देवांची नावं बसली. शनिवार-रविवारी मात्र स्पॅनिश आपल्याला सोडतं. तिथे सब्बाथ आणि प्रभूचा दिवस आले. सालही ते 'हजार सहाशे पाच' असं म्हणतात. इथे आपण 'सोळाशे पाच' म्हणून इंग्रजीच्या जवळ.

पुढच्या भिंतीवर १७०९ चा एक वाटसरू 'जून महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी, या सालात' असं ऐसपैस लिहून गेलाय. १७३७ च्या २८ सप्टेंबरला डुरांगोचे बिशप इथे आले. त्याच वर्षी मार्चमध्ये बाजीराव दिल्लीच्या वेशीवर धडकला होता. त्या काळच्या मराठी पत्रांतही 'छ' लिहून आधी चंद्राची तारीख आणि मग महिना, हाच क्रम असे.

आणि मग एकदम क्रम उलटतो. लेफ्टनंट सिम्सन आणि चित्रकार कर्न या दोघांनी इथले लेख उतरवून घेतले आणि तसं कोरूनही ठेवलं: सप्टेंबर १७, १८, १८४९. महिना आधी. घाईत 'इन्स्क्रिप्शन्स'मधला 'आर' राहिला, तो त्यांनी नंतर वर घुसडला आहे. नात पोट धरून हसली. मला मात्र हसू येईना.

१९८८ च्या मार्चमध्ये बाबांचं पत्र आलं होतं. सांगलीहून, निळं एरोग्राम. 'पित्ताशयाचे ऑपरेशन ६/४ ला ठरले आहे. काळजी करू नये.' अक्षर बाबांचं, भाषा मराठी, आकडेसुद्धा मराठी. आणि मी वाचलं, चार जून! पंधरा वर्षं इथले फॉर्म भरून डोळ्यांना तीच सवय लागलेली. मी आरामात मे अखेरचं तिकीट काढलं आणि तसं उलट टपाली कळवलं. फोन शेजाऱ्यांकडे, तोही महागडा. एवढ्यासाठी कशाला करायचा? माझं पत्र सांगलीला पोचलं तेव्हा ऑपरेशन होऊन गेलं होतं. ऑपरेशनच्या दिवशी आई बाहेरच्या बाकावर एकटी बसून होती. मुलगा येईल म्हणून तिनं मामांनाही बोलावलं नव्हतं.

बाबा बरे झाले, पुढे चार वर्षं होते. मे महिन्यात गेलो तेव्हा मी चूक कबूल केली. ते एवढंच म्हणाले, "तू तिथल्या चालीनं वाचलंस." आई काहीच बोलली नाही. तिनं पानं वाढली.

हे मी मुलांना कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी खडकासमोरच्या कट्ट्यावर बसून नातीला सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "आबा, आमच्या टीचर सांगतात की इथल्या स्पॅनिश फॉर्मवरसुद्धा पुष्कळदा महिनाच आधी लिहायचा असतो. मेक्सिकोहून आलेल्या लोकांचाही असाच घोळ होत असेल, नाही?"

होत असणारच. कुणाची औषधाची तारीख, कुणाची कोर्टाची. बारापर्यंतचे सगळे दिवस हे असे दगाबाज. तेरा तारखेपासून पुढे निदान शंका तरी येते.

१९०६ च्या ८ डिसेंबरला अध्यक्ष रूझवेल्ट यांनी या जागेला राष्ट्रीय स्मारक केलं, आणि आता इथे काही कोरता येत नाही. व्हिजिटर सेंटरमध्ये वही असते, तिच्यात सही करायची. नातीनं नाव लिहिलं आणि पुढे सवयीनं १०/११ असं घातलं. मग माझ्याकडे पाहिलं, ते खोडलं आणि सावकाश लिहिलं: ११ ऑक्टोबर. त्याखाली मी सही केली.

मंडळी, आईवडिलांना, सासूसासऱ्यांना तारीख कळवताना महिना अक्षरांत लिहा. फोनवर, मेसेजवर, कुठेही. फार वेळ लागत नाही.