ब्रश धुवून ठेवावा

दिवाळीच्या आधी रंगकाम निघते. ते संपले की उरलेल्या रंगाचे डबे माळ्यावर जातात आणि ब्रश कचऱ्यात. आमचे चिरंजीव म्हणतात, "बाबा, ब्रशपेक्षा तो धुवायचं थिनर महाग!" हिशेब अगदीच चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. वापरलेले थिनर बरणीत झाकून ठेवले, की काही दिवसांनी रंगाचा गाळ तळाशी बसतो. वरचे निवळ पुन्हा वापरता येते. ते मोरीत मात्र कधी ओतू नये.

डिस्टेंपर आणि प्लास्टिक पेंटच्या ब्रशला पाणी-साबण पुरतो. खरी कसोटी ऑइलपेंटची. तो पाण्यासारखा नुसता उडून वाळत नाही. त्यातले तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, आणि एकदा घट्ट झाले की टर्पेंटाइनचेही फारसे चालत नाही. म्हणून ब्रश त्याच संध्याकाळी धुवायचा. रंग साठतो तो पत्र्याच्या पट्टीपाशी, केसांच्या मुळाशी. तिथे बोटांनी चोळावे लागते. शेवटी साबणाचा हात. उद्या तोच रंग लावायचा असेल, तर धुवायचीही गरज नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळला, की हवा लागत नाही.

केसांवर उभा ठेवला तर ब्रश कायमचा वाकतो. मी दांड्याच्या भोकात तार ओवून खिळ्याला टांगतो. नवा ब्रश ग्रिलवर केस गाळत बसतो, जुना तसे करत नाही. हा फायदा पैशांत मोजता येत नाही.

पण काटकसरीलाही मर्यादा हवी. माळ्यावर सापडलेला, दगड झालेला ब्रश खरवडत बसू नये. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग, ही मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात किती शिसे होते, ते वाळलेल्या ब्रशकडे पाहून कळत नाही. त्याची पूड नातवंडांच्या हाताला लागण्यापेक्षा तो ब्रश टाकलेला बरा.

आमच्याकडे येणारे रंगारी स्वतःचे ब्रश रोज न चुकता धुतात. आपण आणून दिलेला तसाच टाकून जातात. त्यांना दोष कशाला द्यायचा? ज्याला उद्याही त्याच ब्रशाने काम करायचे आहे, तोच तो धुतो. आम्हालाही दोन वर्षांनी ग्रिल रंगवायचे आहे. निदान मी तसे धरून चालतो.