नातीचा खुबा आणि माझी चूक

वाचकहो, शेतीच्या कामानिमित्त तुमच्या बांधावर येणारा मी विस्तार अधिकारी. आज मात्र पिकाचे नाही, घरचे सांगणार आहे.

आमची नात चालू लागली ती लंगडतच. 'होईल नीट' म्हणण्यात सहा महिने गेले. शेवटी तपासले, तर खुब्याचा सांधा जन्मापासूनच निखळलेला. ऑपरेशन ठरले.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पूर्ण भुलीबरोबर माकडहाडापाशी एक इंजेक्शन देऊ. कमरेखालच्या नसा काही तास बधिर राहतील." आमची मंडळी घाबरली. एवढ्याशा पोरीच्या पाठीत सुई! पण ही रीत नवी नाही. मुलांना असे इंजेक्शन दिल्याची नोंद १९३३ सालची आहे. पाटाचे दार लावले की पाणी वाफ्यात जात नाही, तशी दुखण्याची खबर मेंदूपर्यंत जात नाही, एवढे मला उमगले.

संध्याकाळी पोर शांत झोपली होती. सिस्टर दुखण्याचे औषध घेऊन आल्या. मीच म्हणालो, "झोपलीय, राहू द्या." मध्यरात्री इंजेक्शनचा अंमल उतरला आणि तिने जो टाहो फोडला, तो अजून कानांत आहे. औषध लागू पडेपर्यंतचा तास सरता सरेना.

पिकाने माना टाकण्याआधी पाणी द्या, असे मी जन्मभर सांगत आलो. घरात मात्र विसरलो!

इंजेक्शनाने नस बधिर होते, पण जखमेची सूज थांबत नाही. कापलेली जागा भरून काढायला शरीर तिथे जादा रक्त धाडते, त्यातून सूज येते. ती दोन-तीन दिवस वाढते, मग उतरू लागते. म्हणून बधिरपणा उतरण्याआधीच, घड्याळ पाहून औषध द्यावे. घरातली मोठ्यांची गोळी देऊ नये. ॲस्पिरिन तर नाहीच. बधिर पायाला चटका कळत नाही, तेव्हा शेक देऊ नये.

कमरेपासून घातलेले प्लास्टर सुजेबरोबर सैल होत नाही. बोटे गार, निळी किंवा फार सुजलेली दिसली, बधिरपणा उतरूनही हलेनात, औषधाने कळ थांबेना किंवा ताप चढला, तर लगेच डॉक्टरांना सांगावे.

नात आता अंगणात कोंबड्यांमागे धावते. तुमच्या घरी मूल लंगडत असेल, तर आमच्यासारखे सहा महिने घालवू नका.