चिमणीच्या दाताने

उष्ट्याच्या बाबतीत आमच्या घरात सगळ्यांत कडक मी होते.

साताऱ्याकडची मी, लग्न होऊन बंगळुरूला आले आणि मल्लेश्वरममध्ये स्थिरावले, त्याला आता बरीच वर्षं झाली. सून कन्नड. तिच्या माहेरी उष्ट्याला ‘एंजलु’ म्हणतात आणि खरकट्याला ‘मुसुरे’. विहीणबाईंची आणि माझी भाषा अर्धीमुर्धीच जुळायची, पण या दोन शब्दांवर आमचं पहिल्या भेटीतच एकमत झालं. त्यामुळे सुनेनं पहिल्यांदा घरच्या पार्टीत टेबलावर मधोमध डिपचा एक मोठा वाडगा ठेवला, भोवती पावाचे आणि काकडीचे तुकडे मांडले आणि पंधरा माणसं त्या एकाच वाडग्यात बुडवून खाऊ लागली, तेव्हा मी उठून आत गेले. त्यात उरलेलं डिप दुसऱ्या दिवशी कुणालाही न सांगता टाकून दिलं. अन्न टाकायचं नाही हे मुलांना शिकवणारी मीच.

गेल्या वर्षी नातीच्या दहाव्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी सुनेचं मनगट मुरगळलं. म्हणाली, “आई, डिप तुम्ही कराल का? मी शेजारी बसून सांगते.” नाही म्हणायला तोंड नव्हतं.

तिला त्यासाठी इटालियन पद्धतीचं ताजं चीज हवं होतं. आपल्या बंगळुरूतच वाल्लोम्ब्रोसा मठातले बेनेडिक्टाइन साधू ते करतात. त्यांच्या परंपरेचा मूळ मठ इटलीत, टस्कनीच्या डोंगरात, अकराव्या शतकातला. ऐन वेळी ते मिळालं नाही. मी म्हटलं, चक्का लावते. किलोभर दही रात्रभर फडक्यात टांगलं, सकाळी साधारण 400 ग्रॅम चक्का मिळाला. निवळ कणकेत गेली.

कोलारचे टोमॅटो आमच्याकडे बाजारात ताजे येतात. अर्धा किलो घेतले, बिया काढून बारीक चिरले, मीठ लावून चाळणीत ठेवले. अर्ध्या तासात खाली वाटीभर पाणी जमलं. सून म्हणाली, पुस्तकातल्या कृतीत ही पायरी नव्हती, म्हणूनच तिचं डिप पार्टी अर्धी होईपर्यंत पातळ व्हायचं. कोशिंबिरीला पाणी सुटू नये म्हणून काकडी पिळून घेणाऱ्या बाईला हे कुणी शिकवायला नको. दोन पाकळ्या लसूण मिठाबरोबर चेचला, लिंबाची पिवळी साल किसून घातली, चार चमचे ऑलिव्ह तेल. बेसिल सुनेच्या गॅलरीतल्या कुंडीतलं. ही तुळशीची बहीण. फालुद्यातला सब्जा याच जातीच्या झाडाचं बी, आणि कन्नडमध्ये तिला कामकस्तुरी म्हणतात. पानं हातानं तोडायची, सुरीनं चिरली की कडा काळ्या पडतात.

सुकं ओरेगॅनो डब्यात होतं, पण त्याला गवतासारखा वास येत होता. मग मी खाली फुलवालीकडून मरव्याची जुडी आणली. मरवा आणि ओरेगॅनो एकाच कुळीचे, हे मला सुनेनं वनस्पतींच्या पुस्तकात दाखवलं. जन्मभर मी तो गजऱ्यात माळला होता. खाल्ला त्या दिवशी पहिल्यांदा. मरवा थोडाच घालायचा, नाहीतर अत्तर खाल्ल्यासारखं लागतं.

चव अप्रतिम होती, हे मी मोकळेपणानं सांगते. पण वाडगा काही मी ठेवला नाही. बावीस स्टीलच्या वाट्या काढल्या आणि प्रत्येकाला वेगळं वाढलं.

त्या संध्याकाळी पहिल्यांदा मला पार्टीत काही चुकल्यासारखं वाटलं. जो तो आपली वाटी घेऊन भिंतीकडेच्या खुर्चीत बसला. टेबलाभोवती कुणी उभंच राहिलं नाही. मग नात आणि तिची मैत्रीण दोघींनी आपापल्या वाट्या एका ताटलीत उपड्या केल्या आणि जमिनीवर मांडी घालून त्या एकाच ताटलीतून खायला लागल्या. मी रागावायला तोंड उघडलं आणि मला माझी थोरली बहीण आठवली.

शाळेच्या वाटेवर आम्ही एक पेरू घ्यायचो. ती परकराच्या टोकात तो गुंडाळायची आणि कापडावरून दातानं तोडायची. ‘चिमणीच्या दाताने तोडलाय, उष्टा नाही.’ परकर ओला व्हायचा. दोघींना ते दिसायचं. उष्टं खाऊ नये हा नियम आम्हाला मोडायचा नव्हता आणि एकमेकींना सोडून खायचंही नव्हतं, म्हणून कापड मध्ये धरायचो. वडील वारकरी. आषाढी पौर्णिमेला गोपाळपूरच्या काल्याला मी त्यांच्याबरोबर गेले आहे. तिथे अनोळखी माणसं एकमेकांच्या तोंडात काला भरवतात. कुणाचा हात, कुणाचं घर, कुणी विचारत नाही. हे सगळं पाहून वाढलेली मी बावीस वाट्या मोजत बसले होते.

इटलीत पिएमाँत भागात ‘बान्या काउदा’ म्हणून पदार्थ आहे: तेल, लसूण आणि खारवलेले छोटे मासे निखाऱ्यावरच्या मातीच्या भांड्यात गरम राहतात आणि सगळे त्या एकाच भांड्यात भाज्या बुडवतात. मासे मी खात नाही, पण ते भांडं मला समजलं.

तरी सगळंच मत बदललं असं मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठात यावर प्रयोग झाले आहेत. चावलेला तुकडा परत बुडवला तर तोंडातले जंतू डिपमध्ये उतरतात, हे त्यांनी मोजून दाखवलं. आमच्या आज्या अगदीच चुकीचं सांगत नव्हत्या. म्हणून मी आता अय्यंगार बेकरीचा पाव एका घासाचेच तुकडे करून भाजते. एक तुकडा, एकदाच बुडवायचा, संपूर्ण तोंडात. कुणाला सर्दी असेल तर त्याला वेगळं. एवढी काळजी घेतली की वाडगा एकच. विहीणबाई अजून चमच्यानं वेगळं घेतात. मी त्यांना आग्रह करत नाही.

पण एक गोष्ट सांगायला मला वर्ष लागलं. आमच्याकडे वीस वर्षं कामाला येणाऱ्या ताईंचा कप खिडकीत वेगळा असायचा. कुणी विचारलं तर मी उष्ट्याचं कारण सांगायचे. धुतलेला कप उष्टा कसा असेल? सासूचा, नवऱ्याचा, पाहुण्यांचा कप धुऊन मी त्यातून चहा पीत होतेच. त्या शब्दाआड मी काय लपवत होते ते मला कळत होतं, आणि कळत असूनही मी तो कप तिथेच ठेवला होता.

यंदाच्या वाढदिवसाला वाडगा एकच होता, वरून तेलाची धार आणि मरव्याची चार पानं. ताई भांडी आवरायला आल्या तेव्हा मी त्यांना टेबलापाशी बोलावलं. “बेडा अम्मा,” म्हणून त्या मागे सरकल्या. नको म्हणायची सवय वीस वर्षांत मीच त्यांना लावली होती. मी खुर्ची ओढली, त्यांना बसवलं, शेजारी बसले. एक तुकडा मी बुडवून खाल्ला आणि वाडगा आमच्या दोघींच्या मध्ये सरकवला. त्या बराच वेळ नुसत्या बघत होत्या. मग त्यांनी पदराला हात पुसले आणि पावाचा एक तुकडा उचलला.