सुकट फळीवर चढत नाही

२०२० च्या पावसात मी पुण्याहून लॅपटॉप घेऊन रत्नागिरीजवळच्या आमच्या गावी आले, ती इथेच राहिले. त्याच पावसात परसात एक पिल्लू आलं. इतकं वाळकं, की आईने नाव ठेवलं सुकट. वर्षभरात ती गडग्यावरून उड्या मारायला लागली. शेजारच्या कोंबड्या वाचवायच्या तर हिला दमवायला हवं, म्हणून मी व्हिडिओ बघायला लागले आणि डॉग ॲजिलिटीत अडकले.

हा खेळ ब्रिटनमधला. १९७८ साली क्रफ्ट्स या डॉग शोमध्ये मधल्या वेळेत प्रेक्षकांची करमणूक म्हणून पहिल्यांदा दाखवला गेला, घोड्यांच्या शो जंपिंगवरून सुचलेला. उड्यांचे अडथळे, बोगदा, काठ्यांमधून नागमोडी पळणं, आणि डॉगवॉक: एक चढती फळी, एक आडवी, एक उतरती.

साहित्य मीच केलं. पीव्हीसी पाइप कापून अडथळे. आठ बाय चारचा प्लाय उभा चिरला की फूटभर रुंदीच्या चार फळ्या मिळतात. तीन डॉगवॉकला, एक सी-सॉला. पंजे घसरू नयेत म्हणून ऑइलपेंटमध्ये चाळलेली वाळू. दुकानदार म्हणाला, "बीडब्ल्यूआर आहे, पाण्याची काळजीच नको."

कोकणात पावसाआधीच्या तयारीला आगोट म्हणतात. बाबा मे महिन्यात लाकडं, शेणी पडवीत घेतात, सुकी मासळी डब्यांत जाते. "बाय, तुझी ती फळकुटं पण आत घे," ते म्हणाले. मी त्यांना प्लायवरचा शिक्का दाखवला. फळ्यांवर निळी ताडपत्री घट्ट बांधली, खाली चिरे लावले, झालं.

पाइपला पावसाने काही केलं नाही, उन्हाने मारलं. दोन उन्हाळ्यांत तो पिवळट झाला, हात फिरवला की खडूसारखी भुकटी यायची. एकदा सुकटचा पाय लागून आडवी नळी पडली आणि पडताच तुकडे झाले. पण नळी तुटली की दिसते तरी.

प्लाय तसं वागत नाही. पाणी रंगवलेल्या पाठीतून नाही, कापलेल्या कडांतून आणि स्क्रूच्या भोकांतून आत जातं, आणि मग तोच रंग त्याला लवकर बाहेर पडू देत नाही. बीडब्ल्यूआर म्हणजे थर जोडणारा गोंद उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. लाकूड वर्षानुवर्षं उघड्यावर टिकेल, असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. हे मला नंतर कळलं, सुतारकाकांनी मोडकी फळी हातात घेऊन दाखवली तेव्हा. कडा मी रंगवल्याच नव्हत्या. कोण बघतंय कडा! त्यात ताडपत्रीखाली चार महिने ओलसर उबारा. बुरशीची चंगळ.

२०२३ चा दुसरा पाऊस संपला आणि मी सगळं पुन्हा रंगवलं. निळं-पिवळं, फोटो काढण्यासारखं. सुकट धावत वर आली आणि मधल्या फळीपाशी थांबली. एक पंजा पुढे टाकला, मागे घेतला. असं चार दिवस. मला वाटलं, नाटकं करतेय. पाचव्या दिवशी मी पलीकडे बोंबलाचा तुकडा धरला आणि "चल, चल" करत राहिले. ती माझ्याकडे बघत आली. फळी मधोमध मोडली. मोठा आवाजही झाला नाही, ओला पुठ्ठा फाटावा तसा. उंची जेमतेम अडीच फूट, पण पुढचा पाय फटीत अडकला. बारीक फ्रॅक्चर, सहा आठवडे पट्टी. मला अजून आठवतं ते तिचं माझ्याकडे बघत येणं.

आता सांगाडा जीआय पाइपचा आहे, स्क्रू स्टेनलेस. फळ्यांच्या कडांना आधी प्रायमर, मग तीन हात रंग. दर रविवारी मी स्वतः फळीवर उभी राहते, खालून स्क्रूड्रायव्हर टोचून बघते. टोक आत रुतलं तर फळी बाद. मे महिन्यात सगळं सुटं करून पडवीत, लाकडांच्या शेजारी, हवा खेळेल असं. बाबा काही बोलले नाहीत. एक फळी त्यांनीच उचलून आत नेली.

सुकट अजून उड्या मारते. बोगद्यातूनही जाते (आधी मी काठी घालून बघते, जनावर असतं). गेल्या आठवड्यात नवी फळी दोन चिऱ्यांवर ठेवली, जमिनीपासून वीतभर. बोंबील खिशात होता, बाहेर काढला नाही. ती आली, वास घेतला, एक पंजा ठेवला, काढला. मग फळीला वळसा घालून पलीकडे जाऊन बसली आणि माझी वाट बघत राहिली.