कूलरचा करंट

आमच्या आज्याच्या वाट्याला गावची येसकरकी आली, माझ्या वाट्याला वायरमनची पिशवी. पण लिहायचंय ते एका खटक्याविषयी, आणि त्याच्या भरवशावर झोपणाऱ्या पोरांविषयी.

खटका म्हणजे आरसीसीबी. जुने लोक ईएलसीबीच म्हणतात. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा त्याच्या पोटातल्या एका कड्यातून जातात. गेला तेवढा करंट परत आला की कडं गप्प. कमी आला, म्हणजे कुठंतरी जमिनीत मुरला. मग खटका पडतो. माणसांच्या वापराच्या जागी ३० मिलिअँपिअरचा बसवतात. त्याच्या वर करंट अंगातून गेला आणि वेळ लांबली, की काळीज फडफडायला लागतं.

गेल्या पावसाळ्यात एका वसतिगृहातून पोरांचा निरोप आला. पोरं आपलीच, वाड्यावस्त्यांवरची. एक म्हणाला, "दादा, कूलरला हात लावला की झिणझिण्या येत्यात. म्हणून आम्ही चप्पल घालूनच पाणी भरतो."

१९२७ साली महाडला आपल्या माणसांनी पाण्याला हात लावला. आणि आता पोरं पाण्याला जाताना पायात रबर घालतात!

कंत्राटदाराचा माणूस आधीच येऊन गेलेला. त्यानं खटक्यावरचं 'टी' लिहिलेलं बटण दाबलं, खटका पडला, रजिस्टरात 'ओके' लिहून सही ठोकली. मित्रांनो, हे बटण खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलतं. ते आतल्या आत एका रेझिस्टन्समधून करंटला चोरवाट देतं. खटका हलतो का एवढंच त्यातून कळतं. अर्थिंग आहे की नाही, खटका किती वेळात पडतो, यातलं त्याला काही ठाऊक नसतं.

त्यासाठी इन्स्टॉलेशन टेस्टर लागतो. खिशातला लाल दिव्याचा टेस्टर नव्हे, डब्याएवढं यंत्र. मी ते ओळखीच्या माणसाकडून दोन दिवसांसाठी मागून आणलं. सगळी उपकरणं काढायची, कुणी लोखंडाला हात लावणार नाही हे बघायचं, मग प्लगात जोडायचं. ते फेजमधून अर्थला मोजून करंट सोडतं. १५ मिलिअँपिअरला खटका पडता कामा नये. ३० ला ३०० मिलिसेकंदांच्या आत पडला पाहिजे. पाचपट, म्हणजे १५० सोडले तर ४० च्या आत. लाटेच्या दोन्ही बाजूंनी घ्यायचं, कारण काही खटके एका बाजूनं चटकन पडतात, दुसऱ्या बाजूनं आळस करतात.

कूलरच्या प्लगात जोडलं तर यंत्र चाचणी घ्यायलाच तयार होईना. अर्थच नाही! बोर्ड उघडला. हिरवी तार होती, टोकाला टेप गुंडाळून मागं दडवलेली. बाहेर खड्डा होता, पाइप होता, झाकण होतं. जोडणी तेवढी नव्हती. बिल मात्र पुऱ्या कामाचं निघालं असणार.

अर्थिंग असलं तर गळका करंट तारेनं जातो आणि कुणी हात लावायच्या आधी खटका पडतो. नसलं तर खटका वाट बघत बसतो, कुणाचा तरी हात लागायची. चपलेमुळं थोडाच करंट जायचा. झिणझिण्या यायच्या, खटका पडायचा नाही. ओल्या पायानं कोण गेलं असतं तर?

वरच्या मजल्यावर तर कहर. बटण दाबलं, खटका पडला आणि ट्यूब चालूच! सारखा पडतो म्हणून कुणीतरी दोन्ही तारा बाहेरून सरळ जोडून टाकलेल्या.

तार जोडली, वरची भानगड काढली. कूलर लावताच खटका धाडकन पडला. कंत्राटदाराचा माणूस खवळला, "बघा, तुमच्या अर्थिंगनं लाइट घालवली." मी कूलरचा प्लग काढला, खटका वर केला. राहिला. परत लावला, पडला. तीनदा करून दाखवलं. पोरं हसायला लागली, तो नाही हसला.

मग चाचणी घेतली. १५ ला पडला नाही. ३० ला २८ मिलिसेकंद एका बाजूनं, ३४ दुसऱ्या. १५० ला १२. वरचा खटका २१० वर गेला. नियमात बसतो, पण मला आवडला नाही. बदला म्हणून लिहून दिलं.

आकडे रजिस्टरात लिहिले. त्यावर सही करायला तो तयार होईना. म्हणून मी दोन प्रती केल्या, एक वॉर्डनकडे, एक पोरांच्या पेटीत. कूलर दुरुस्तीला गेलाय. सध्या माठ आहे.