बोटांना हिशेब येत नाही

रोह्याच्या माझ्या भाच्याने टंकलेखनाच्या सरकारी परीक्षेला बसायचे ठरवले आणि घरात आठ दिवस अर्थसंकल्पासारखी चर्चा चालली. चालायचीच! चिंतामणराव देशमुखांसारख्या अर्थमंत्र्याला आपला म्हणणारे गाव ते.

पोरगा धाटावच्या एका कारखान्यात पॅकिंगला जातो. लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी जागेला मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचा वेग लागतो. अभ्यासक्रम सहा महिन्यांचा. पण तो रोज तासभर बसून पुरा करायचा, की शेवटच्या दीड महिन्यात रोज चार तास बसून उरकायचा, एवढाच प्रश्न. उरकायचा तर नोकरी सोडणे आले, आणि घरातले दूध-किराणा त्याच पगारावर.

आमचे भावोजी हिशेबी. "पंचवीस दिवसांचा महिना धरा. इकडेही दीडशे तास, तिकडेही दीडशेच. मग सहा महिने घोळ कशाला?"

हिशेब बिनचूक होता. पण बोटांना हिशेब येत नाही. अ‍ॅलन बॅडली आणि लाँगमन यांनी ब्रिटिश टपालखात्यातल्या माणसांना कळफलक शिकवून पाहिला आणि १९७८ साली तो प्रयोग प्रसिद्ध केला. रोज एक तास बसणाऱ्यांना कळा पाठ व्हायला सुमारे ३५ तास लागले. चार तास बसणाऱ्यांना सुमारे ५०. गंमत म्हणजे नाखूश होते ते एक तासवालेच! दिवस मोजले तर चार तासवाले आधी पोचतात ना.

शब्दाचे पाच ठोके धरले तर मिनिटाला तीस शब्द म्हणजे सेकंदाला अडीच ठोके. एवढ्यात 'क कुठे बरे?' असे विचारायला डोक्याला सवड कुठली? त्यात रेमिंग्टन पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, इन्स्क्रिप्टमध्ये नंतर. बोटांना एकदा चुकीचे वळण लागले की ते मोडता मोडत नाही.

मी पेणचा. म्हटले, "अरे, शाडूची मूर्तीसुद्धा सावकाश वाळवावी लागते. घाई केली की तडा जातो."

"मामा, मूर्तीला सेकंड शिफ्ट नसते," तो म्हणाला.

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. रोजच्या तासाचे सारे पुण्य 'रोज' या शब्दात, आणि दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात संध्याकाळचा वर्ग बुडणार. अखेर तोच क्लासवाल्यांकडे गेला आणि त्या आठवड्यापुरता सकाळी सातचा तास मागून आला. नोकरी राहिली. भावोजींना हे अजून पटलेले नाही.

परवा तो पेणला आला होता. पानात वालाचे बिरडे, आणि याची डाव्या हाताची बोटे ताटाच्या कडेवर टकटक चाललेली.

"काय रे लिहितोस?"

"कारखान्याचा राजीनामा," तो म्हणाला. "वेग अजून पंधराचाच आहे."