वहिवाटीची रेघ

विषुववृत्ताचं सगळं कसं खानदानी. पृथ्वी फिरते, फिरणाऱ्या गोळ्याला दोन ध्रुव असतात आणि त्या दोन ध्रुवांच्या बरोबर मधोमध एकच मोठं वर्तुळ बसतं. ते कुणी ठरवलेलं नाही, कुणाला हलवता येणार नाही. शून्य अक्षांशाचा मान त्याला जन्मतःच मिळालेला. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या उभ्या रेघांचं तसं नाही. सोललेल्या मोसंब्याच्या फोडी मोजायला बसलात तर पहिली फोड कुठली? जिच्यावर बोट ठेवाल ती.

आमची नायिका, शून्य रेखांशाची रेघ, अशीच बोट ठेवल्यामुळे पहिली झालेली. लंडनच्या पूर्वेला, थेम्स नदीकाठच्या ग्रिनिचच्या टेकडीवर एक वेधशाळा आहे. तिथल्या एका दुर्बिणीत डोळा लावायच्या जागी ताणलेल्या उभ्या धाग्यात हिचं मूळ. जुन्या काळी असल्या दुर्बिणींत कोळ्याच्या जाळ्याचा धागा लावत. तितकं बारीक आणि तितकं ताठ राहणारं दुसरं काही सहज मिळत नसे. म्हणजे सगळ्या जगाला पूर्व आणि पश्चिम वाटून देणाऱ्या या बाईंचं माहेर कोळिष्टकात. कुळ नाही, गोत्र नाही, सातबाऱ्यावर नाव नाही. तिच्याकडे एकच गोष्ट होती, आणि आपल्याकडे जमिनीच्या दाव्यात जुना वकील तिच्यावरच भर देतो: वहिवाट.

तिच्या आधी या पाटावर पुष्कळ जणी बसून गेल्या. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमीने मोजणी सुरू केली ती आफ्रिकेच्या पश्चिमेच्या बेटांपासून, आज ज्यांना कॅनरी म्हणतात तिथून. त्याच्या माहितीतलं जग तिथे संपत होतं, त्यामुळे सगळी गावं पूर्वेलाच येत. १६३४ साली फ्रान्सच्या तेराव्या लुईने त्यातल्याच एल हिएरो बेटाला शून्याचा मान दिला. पुढे फ्रेंच भूगोलज्ञांनी हिशेबाला सोपं म्हणून ते बेट पॅरिसच्या बरोबर २० अंश पश्चिमेला आहे असं धरून टाकलं. बेट काही तंतोतंत तिथे नव्हतं. नाव बेटाचं, कारभार पॅरिसचा.

आपल्याकडची थोरली म्हणजे उज्जैनची. लंकेपासून उज्जैन, कुरुक्षेत्र करत मेरूपर्यंत जाणारी ती मध्यरेषा सूर्यसिद्धांतात आहे, भास्कराचार्यांच्या ११५०च्या सिद्धांतशिरोमणीतही आहे. आपलं गाव तिच्या पूर्वेला की पश्चिमेला, त्याप्रमाणे ग्रहगणितात दुरुस्ती करायची, तिला देशांतर संस्कार म्हणत. त्या हिशेबाने मुंबईची दुपार उज्जैननंतर सुमारे १२ मिनिटांनी होते. ही रेषा अरबी ज्योतिषांपर्यंत गेली, तिथे उज्जैनचं 'अरीन' झालं, आणि अरीन पुढे लॅटिन ग्रंथांतही जाऊन बसली. मोठ्या घरची होती बिचारी. पण तिचा सगळा कारभार ग्रंथांत आणि पंचांगांत. जहाजावर ती कधी चढली नाही.

आणि प्रश्न जहाजावरचा होता. अक्षांश काढणं खलाशाला फार जड जात नसे. दुपारी सूर्य किती वर आहे किंवा रात्री ध्रुवतारा किती वर आहे ते मोजलं की झालं. रेखांश म्हणजे मात्र वेळेचा फरक. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून ४ मिनिटांना एक अंश. आपल्या डोक्यावर सूर्य आला त्या क्षणी दुसऱ्या एका ठरलेल्या ठिकाणी किती वाजले हे कळलं, तर रेखांश कळला. समुद्रात ते कळणार कसं? मग खलाशी शेवटी दिसलेल्या जमिनीपासून मोजायचा. इंग्रज जहाज देशाचं दक्षिण टोक, लिझर्ड, दिसेनासं झालं की तिथून इतके अंश पश्चिमेला अशी नोंद करायचं. वेग अंदाजाने, प्रवाह अंदाजाने. विषुववृत्तावर वेळेत एक मिनिट चुकलं की जागा पंधरा सागरी मैलांनी चुकते. पंधरा मैलांत कितीतरी खडक मावतात.

१७१४ साली ब्रिटिश संसदेने रेखांशासाठी २०,००० पौंडांचं बक्षीस लावलं, आणि जॉन हॅरिसन या सुतारपुत्राने समुद्रातही न चुकणारं घड्याळ बनवलं. ती गोष्ट सगळेच सांगतात. त्या गोष्टीत नेव्हिल मॅस्केलिन हा खलनायक असतो. राजज्योतिषी, घड्याळाचा शत्रू, चंद्राच्या मागे लागलेला. असेल. पण आमच्या रेघेचं नशीब काढलं ते त्यानेच, म्हणून इथे त्याला थोडा मान द्यायला हवा.

मॅस्केलिनची पद्धत अशी. चंद्र ताऱ्यांमधून साधारण तासाला स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. म्हणजे आकाश हीच घड्याळाची तबकडी आणि चंद्र हा तिचा काटा. अमुक ताऱ्यापासून किंवा सूर्यापासून चंद्र किती अंशांवर आहे ते खलाशाने सेक्स्टंटने मोजायचं, आणि तितकं अंतर ग्रिनिचला किती वाजता असेल ते पुस्तकात बघायचं. ते पुस्तक म्हणजे नॉटिकल अल्मनॅक. पहिलं निघालं १७६७ सालासाठी. वर्षाच्या प्रत्येक महिन्यासाठी, दर तीन तासांनी, चंद्राची अंतरं आधीच काढून ठेवलेली. पूर्वी जे गणित चार-चार तास खायचं ते अर्ध्या-पाऊण तासावर आलं.

हे आकडे काढले कुणी? वेधशाळेत बसून कुणीच नाही. मॅस्केलिनने इंग्लंडभर गणिती माणसं नेमली होती. शाळामास्तर, मोजणीदार, पाद्री. घरी बसायचं, टपालाने तक्ते यायचे, भरून परत पाठवायचे. एकच महिना दोन जण स्वतंत्रपणे करायचे आणि कॉर्नवॉलमधला एक पाद्री दोन्ही ताडून बघायचा. १७७०च्या सुमारास दोघे एकमेकांचं बघून लिहिताना पकडले गेले. चुका दोन्हीकडे सारख्याच निघाल्या. आपल्या परीक्षांतही असंच पकडतात. लडलो गावात एक जॉन एडवर्ड्स नावाचे पाद्री होते. काम त्यांच्या नावावर यायचं, मानधनही. १७८४ साली ते वारले तेव्हा कळलं की आकडेमोड बहुतेक त्यांच्या बायकोची, मेरीची. मॅस्केलिनने काम तिच्याकडेच ठेवलं. ती १८१५मध्ये गेली, मग मुलगी एलायझाने चालवलं. लडलोच्या एका घरात मायलेकींनी केलेल्या बेरजा-वजाबाक्यांवर भरवसा ठेवून कुठल्या कुठे जहाजं चालली होती. आणि त्या प्रत्येक आकड्यात न बोलता एक गोष्ट गृहीत होती, की वेळ ग्रिनिचची.

इथेच सगळं ठरलं, असं मला वाटतं. आपल्याकडे ज्या घरात दाते पंचांग, त्या घरचे सण दात्यांच्या हिशेबाने होतात. कोकणात टिळक पंचांग मानणाऱ्या घरी एखाद्या वर्षी गणपती वेगळ्याच दिवशी बसतो. कुणी मतदान घेतलेलं नसतं. ज्याचं पंचांग भिंतीवर, त्याचा दिवस. समुद्रावर तेच झालं. चंद्राचे इतके पक्के तक्ते दुसऱ्या कुणाकडे नव्हते. फ्रेंचांचं स्वतःचं पंचांग १६७९पासूनचं, वयाने कितीतरी मोठं. पण त्यांनीही काही वर्षं मॅस्केलिनची चंद्रांतरं जशीच्या तशी, ग्रिनिचच्याच वेळेसह, आपल्या पंचांगात छापली. पंचांग ग्रिनिचचं म्हटल्यावर नकाशा ग्रिनिचचा बरा, नकाशा ग्रिनिचचा म्हटल्यावर घड्याळही तिथलंच लावून ठेवलेलं बरं. १८३३पासून वेधशाळेच्या छपरावरच्या खांबावरून रोज दुपारी एकच्या ठोक्याला एक मोठा गोळा खाली पडू लागला. थेम्समधली जहाजं तो बघून घड्याळं जुळवायची.

गंमत म्हणजे शेवटी हॅरिसनचं घड्याळच जिंकलं. घड्याळं स्वस्त झाली, चंद्राच्या मागे लागणं कमी कमी होत गेलं, आणि १९०७च्या अल्मनॅकमधून ते तक्ते वगळलेच. पण त्या घड्याळांच्या तबकडीवर वेळ कुठली? मॅस्केलिनची. ज्या वाटेने ही बाई घरात आली ती वाट बुजली, बाई तिथेच राहिली.

१८५० साली अमेरिकेच्या काँग्रेसने मोठा व्यवहारी कायदा केला: ज्योतिषासाठी शून्य आमच्या वॉशिंग्टनच्या वेधशाळेचं, दर्यावर्दींसाठी ग्रिनिचचं. स्वातंत्र्याचा अभिमान जमिनीवर, पाण्यात शहाणपण.

त्यामुळे ऑक्टोबर १८८४मध्ये वॉशिंग्टनला २५ देशांची परिषद भरली ती एका अर्थाने फेरफाराची नोंद करायला. हिंदुस्थानच्या बाजूने बसले होते जनरल रिचर्ड स्ट्रेची. हिंदी माणूस कुणी नव्हता. फ्रान्सकडून आले ज्यूल जानसेन. १८६८चं खग्रास सूर्यग्रहण गुंटूरला येऊन पाहिलेले, १८७०मध्ये प्रशियन सैन्याने वेढलेल्या पॅरिसमधून दुसरं ग्रहण गाठायला चक्क बलूनमधून निसटलेले गृहस्थ. त्यांचं म्हणणं, रेघ तटस्थ हवी. कुठलाही मोठा खंड कापणारी नको, कुठल्याही राष्ट्राच्या अंगणातली नको. खरं सांगायचं तर तर्क त्यांच्याच बाजूने होता. पण समोर कॅनडाचे रेल्वे इंजिनिअर सँडफर्ड फ्लेमिंग आकडे घेऊन बसले होते: जगातल्या जहाजांच्या एकूण टनांपैकी ७२ टक्के टन आजच ग्रिनिचवरून रेखांश मोजतात. उरलेल्या २८मध्ये पॅरिस, कादिझ, नेपल्स, लिस्बन, स्टॉकहोम, रिओ असे दहाएक शून्य दाटीवाटीने उभे. तटस्थ रेघेचा ठराव पडला. १३ ऑक्टोबरला ग्रिनिचच्या बाजूने २२ मतं पडली. विरोधात एकटा सान डोमिंगो. फ्रान्स आणि ब्राझील मत न देता बसून राहिले. आदल्या वर्षी रोमच्या परिषदेत भूगणितज्ञांनी ग्रिनिचची शिफारस करताना एक आशाही व्यक्त केली होती, की याच्या बदल्यात इंग्रज मीटर स्वीकारतील. इंग्रजांनी मीटरच्या करारावर सही केली. त्यांच्या रस्त्यांवरच्या पाट्या आजही मैलांत आहेत.

फ्रान्स २७ वर्षं रुसून बसला. १९११ साली कायदा केला तेव्हाही रुसवा पुरता गेला नव्हता. आपल्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, 'बंड्याचे बाबा' म्हणत. फ्रेंच कायद्यात लिहिलं गेलं: देशाची वेळ म्हणजे पॅरिसची सरासरी वेळ, ९ मिनिटं २१ सेकंदांनी मागे घेतलेली. म्हणजेच ग्रिनिचची. कायद्यात ग्रिनिच हा शब्द नाही. आणि रेघ? ती इंग्लंडच्या किनाऱ्यावरून पाण्यात उतरते आणि पहिलं पाऊल टाकते ते नॉर्मंडीच्या वाळूवर, फ्रान्सच्याच अंगणात.

फ्रान्सला हसण्याआधी मुंबईकडे बघावं. कुलाब्याची वेधशाळा १८२६मध्ये निघाली ती ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांची घड्याळं तपासायला. ग्रिनिचपेक्षा ४ तास ५१ मिनिटं पुढे, ही मुंबईची आपली वेळ. १९०६मध्ये सरकारने साडेपाच तासांची एकच प्रमाणवेळ आणली तर मुंबईने ती ३९ मिनिटांची उडी मारायला साफ नकार दिला. शहरातली काही घड्याळं १९५५पर्यंत जुनीच वेळ दाखवत होती.

आता तिच्या स्वभावातली शेवटची खोड. ती एका जागी राहत नाही. ग्रिनिचमध्ये एखाद्या नव्या राजज्योतिषाने आपली दुर्बीण आधीच्याच्या शेजारी, थोडी पूर्वेला बसवली, की रेघ नव्या दुर्बिणीतून जायची. फ्लॅमस्टीडची एक, हॅलीची दुसरी, ब्रॅडलीची तिसरी. १८५१मध्ये जॉर्ज एअरीने आपलं यंत्र ब्रॅडलीच्या पूर्वेला सुमारे ६ मीटरवर मांडलं. १८८४मध्ये जगाने मान्य केली ती ही चौथी. ब्रिटनच्या सरकारी नकाशांची मोजणी मात्र अजून ब्रॅडलीच्याच रेघेवर आहे.

आणि उपग्रह आल्यावर ती पुन्हा सरकली, या वेळी १०२ मीटर. एअरीने दुर्बीण सरळ लावली होती पाऱ्याच्या सपाटीवरून, म्हणजे गवंडी ओळंबा लावतो त्याच न्यायाने. पण जमिनीखालचं वस्तुमान सगळीकडे सारखं नसतं, ते ओळंब्याला किंचित बाजूला ओढतं. ग्रिनिचला ओळंबा पृथ्वीच्या नेमक्या मध्याकडे बघत नाही. उपग्रहांचा हिशेब त्या मध्यापासून चालतो, ओळंब्याशी त्याचं देणंघेणं नाही. आपल्याकडे बांध वीतभर सरकला तर तीन पिढ्या कोर्टात जातात. इथे जगाचा बांध १०२ मीटर सरकला आणि कुणी साधी नोटीससुद्धा धाडली नाही.

वेधशाळेच्या अंगणात धातूची पट्टी आहे. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय टाकून, एक पाय पूर्वेत आणि एक पश्चिमेत, लोक फोटो काढतात. त्यासाठी रांग लागते. त्याच फोनला जागा विचारली तर तो शून्य दाखवत नाही, कोनाचे ५.३ सेकंद पश्चिम दाखवतो. सध्याची रेघ मागच्या बागेतून गेली आहे. तिथे पट्टी नाही, हद्दीचा दगड नाही. कुत्री फिरवायला आलेली माणसं तिच्यावरून रोज ये-जा करतात.